घार मांस खाते, म्हणून?

मी जखमी पक्ष्यांना वाचवायचं काम करते, आणि डिसेंबर संपत आला की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक, "ताई, आमच्या निलगिरीवर मांज्यात घार लटकलीय, लवकर या." आणि दुसरा, "ताई, संक्रांतीनिमित्त पक्ष्यांसाठी काहीतरी दान करायचंय." दुसरा फोन आला की मी खूश होते आणि मग लगेच मूड जातो, कारण समोरचा विचारतो ज्वारी देऊ का बाजरी, आणि मी म्हणते दादा, चिकनचे पैसे द्या. मग शांतता. मग हळूच, "नाही म्हणजे… मी पक्ष्यांसाठी म्हणत होतो."

अहो, घार पक्षीच आहे!

हे डोक्यात बरेच दिवस खदखदतंय म्हणून आज लिहून टाकते, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्या नाशिककडे संक्रांत म्हणजे पतंग. येवल्यात तर तीन दिवस अख्खं गाव आसारी (मांज्याची फिरकी) घेऊन गच्चीवर असतं, आणि मला पतंगांचा अजिबात राग नाही, राग आहे तो नायलॉन मांजाचा. 2017 साली हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत पेपरात त्याच बातम्या, नायलॉन मांज्याचे इतके गट्टू (रिळं) जप्त, अमुक रस्त्यावर दुचाकीवाल्याचा गळा कापला. माणसांचं निदान छापून तरी येतं. घारींचा तर हाच घरट्यांचा सीझन असतो, जानेवारी-फेब्रुवारी, म्हणजे एक घार खाली पडली की वर कुठेतरी घरट्यात अंडी नाहीतर पिल्लं असण्याची बरीच शक्यता असते, आणि ते घरटं कुठल्या झाडावर हे आपल्याला कधीच कळत नाही.

जखम कशी असते ते सांगते. घारीचा पंख उघडला की खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला कातडीचा एक पातळ पडदा असतो, पंख ताणला की तो शिडासारखा ताणला जातो. मांजा बरोब्बर तिथे बसतो. आणि घार सुटायला जितकी धडपडते तितका तो करवतत आत जातो, कधी कधी हाडापर्यंत. कातडी डॉक्टर शिवतात, हाड पण दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी जुळतं (पक्ष्यांची हाडं आपल्यापेक्षा फार भराभर जुळतात) पण आतला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटला असेल तर पंख वर वर बरा दिसतो आणि घार काही उडत नाही. त्यात अर्ध्या जखमा आमच्याकडे येतात त्या हळदीने लिंपून. कुणीतरी वरून खोबरेल तेल पण लावलेलं असतं. हेतू चांगला असतो हो, पण तेलाने पिसं चिकटून बसतात आणि ती साफ करायची म्हणजे त्या बिचारीला आणखी हाताळणं, म्हणजे आणखी स्ट्रेस.

आणि मग खाणं. इथे खरी गंमत सुरू होते. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, बुलबुलामागे सुसाट येतो आणि खिडकीच्या काचेवर आपटतो, हे शहरात नेहमीचं झालंय. अशा एका शिक्र्याला एका घरी पनीर भरवत होते. पनीर! कारण घरात नॉनव्हेज चालत नाही आणि "प्रोटीन तर प्रोटीनच ना". गव्हाणी घुबडाच्या पिल्लाला दूध-पोळी तर कॉमनच. एका घराने मात्र खरंच मन मोठं करून चिकन आणलं, बोनलेस, खिमा करून, प्रेमाने कित्येक दिवस भरवलं, आणि पिल्लू आमच्याकडे आलं तेव्हा त्याचे पाय वाकलेले होते, उभंच राहता येईना. नुसत्या मांसात कॅल्शियम नसतं. घुबड उंदीर गिळतं ते हाडं, केस, शेपटी सगळ्यासकट, नको असलेलं नंतर गोळी करून तोंडातून टाकून देतं. त्याला हाडासकटच खायला लागतं. आपल्याला बघवत नाही म्हणून त्याचा मेनू बदलत नाही. आणि तो उंदीर पण पिंजऱ्यातला हवा, औषध टाकून मेलेला दिलात तर घुबडही जातं.

आता मुद्द्यावर येते. "एक घार जगवायला रोज कोंबडी मारायची, ह्यात कसलं पुण्य?" हा प्रश्न मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नात, कुठेही विचारला जातो. मी स्वतः वरण-भातवाली आहे बरं का, आईने माझ्या ह्या उद्योगासाठी गॅलरीत वेगळा छोटा फ्रीज घ्यायला लावलाय आणि ती त्या फ्रीजकडे बघत पण नाही. तर उत्तर असं की कोंबडी मरते, हो, मरते. ते मी गोड करून सांगणार नाही. पण तीच घार आकाशात असती तर रोज काहीतरी मारून किंवा मेलेलं उचलूनच जगली असती ना, तेव्हा तुम्ही हिशोब मागायला गेला नसतात. आपल्या मांज्याने ती खाली आली आणि आता तिच्या ताटात काय आहे ह्याची चौकशी आपण करणार, हे मला फार विचित्र वाटतं.

2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण माजलं आठवतंय ना? दाणे टाकणं थांबवायला ताडपत्री लावली म्हणून लोक रस्त्यावर उतरले. कबुतरांना पोत्याने धान्य मिळतं, आणि ती आधीच गरजेपेक्षा जास्त झालीयत. मला कबुतरांशी भांडायचं नाहीये, पण भूतदया म्हणून आपण जे काही करतो ते मूठभर दाण्यांत बसणाऱ्या प्राण्यांपुरतंच असतं हे एकदा मान्य तरी करू. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जुना पक्ष्यांचा दवाखाना आहे, जैन समाजाचा, फुकट उपचार करतात, फार मोठं काम आहे. पण मांसाहारी पक्षी ते दाखल करून घेत नाहीत. त्यांचा धर्म आहे, ठीक. मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद ह्या भावांना तिथूनच जखमी घार घेऊन परत यावं लागलं होतं, आणि पुढे त्यांनी स्वतःच घारींवर उपचार सुरू केले, घरातच, साबणाच्या डिस्पेन्सरच्या धंद्याच्या जोडीला. आज हजारो पक्षी त्यांच्या हाताखालून गेलेत. आणि जुन्या दिल्लीत घारींना मांस टाकणं हेच सवाबाचं, म्हणजे पुण्याचं, काम मानणारेही लोक आहेत. पक्षी तोच, आकाश तेच.

घुबडाचं तर विचारूच नका. लक्ष्मीचं वाहन म्हणे, आणि दिवाळीच्या आसपास त्याच लक्ष्मीसाठी घुबडं पकडून विकतात. आमच्या गावाकडे अजून म्हातारी माणसं सांगतात की घुबडाला दगड मारू नको, ते तो उचलून नेतं आणि झिजवतं, दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. मी ही समजूत खोडायला जात नाही. निदान घुबडाला बसणारे दगड तरी वाचतात.

"घुबड उंदीर खातं म्हणून वाचवा" टाइप पोस्टर पण मला फारसे पटत नाहीत. उपयोग आहे हे खरंच आहे. गिधाडांचं काय झालं ते समोर आहे, गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक ह्या वेदनाशामक औषधामुळे मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या गेल्या, नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली, 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केलं तोवर उशीर झाला होता. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यावर आज जी दिसतात ती उरलेली. पण जखमी पक्षी समोर पडलेला असताना "ह्याचा मला उपयोग काय" असं विचारायची आपल्याला सवय का लागलीय? कबुतराला कोण विचारतं उपयोग?

अजून एक. सगळ्यांना सोडतानाचा व्हिडिओ हवा असतो. बॉक्स उघडला, घार उडाली, म्युझिक. त्याला लाइक्स पडतात, आणि पडू देत. पण ज्या घारीचा पंख कायमचा गेलाय तिचं काय करायचं हा प्रश्न रीलमध्ये येत नाही. आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवायची? बसायला सपाट फळी दिली तर तळपायांना फोड येऊन पू होतो, त्यातच कित्येक जातात. माझं मत विचाराल तर डॉक्टरांनी शांतपणे कायमचं झोपवणं हे कधी कधी जास्त दयेचं असतं. हे लिहिल्यावर खाली शिव्या पडणार हे मला माहितीये, पण ज्यांनी ती पिंजऱ्याच्या जाळीवर पंख आपटून पिसं मोडून घेणारी घार बघितलीय त्यांनीच बोला.

बाकी कामाचं. घार, घुबड, शिक्रा काहीही सापडलं तर अंगावर जाड टॉवेल टाका, चोचीपेक्षा पायांना सांभाळा, नखं तिथे आहेत. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, अंधार, शांतता. चोचीत पाणी ओतू नका, जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. खायला काही देऊ नका, पनीर तर नाहीच. वनविभागाला 1926 वर फोन करा आणि घरी ठेवून घेऊ नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

संक्रांतीनंतर झाडांवर लटकलेला मांजा काढायला आकडा लावलेले लांब बांबू आणि चढणारी पोरं लागणार आहेत, शक्य असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. चिकनवाल्या दादांकडे आमचं खातं आहे, पैसे थेट त्यांनाच दिलेत तरी चालतील, आणि नावापुढे "घारीसाठी" लिहायला सांगा, ते वहीत बरोबर टाकतात.