पन्न्या वितळवून खड्डा बुजत नाही

"घरचं कुठलंही प्लास्टिक ड्रममध्ये वितळवा, डांबरात मिसळून खड्ड्यात ओता. रस्ता आयुष्यभर फुटणार नाही, शहराचा कचराही संपेल. संशोधन केव्हाच झालंय, अधिकारी चाचण्यांच्या नावावर वेळ काढतात." हा मेसेज आता आमच्या मामांनीही पुढे ढकलला, वर "आपल्या ले-आउटमध्ये करू" म्हणून. करू नका.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:98 ही 2013 ची मार्गदर्शिका उघडून पाहा. त्यात प्लास्टिक आधी डांबरात नाही, हॉट मिक्स प्लांटमध्ये, म्हणजे गिट्टी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या कारखान्यात, तापलेल्या गिट्टीवर पडतं. गिट्टी साधारण 165 अंशांवर, तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे, स्वच्छ आणि कोरडे. गिट्टीवर लेप बसला की मग डांबर. प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के. आणि पीव्हीसी अजिबात चालत नाही, कारण तापवलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जळलं तर विषारी डायॉक्सिन. घरच्या ढिगात वायरची वेष्टणं, पाइपाचे तुकडे, रेक्झिन असतंच. ते निवडणार कोण? उघड्या ड्रमखाली लाकडं पेटवली की तापमानावर ताबा नाही, धूर थेट नाकात. एवढं करूनही ओल्या, धुळकट खड्ड्यात ते चिकटत नाही. खड्डा चौकोनी कापून, झाडून, टॅक कोट (पातळ डांबराचा चिकट हात) मारून, थराथराने भरून दाबावा लागतो.

रस्ता फुटत नाही, यात अर्धं खरं आहे. मदुराईच्या डॉ. आर. वासुदेवन यांनी हे तंत्र उभं केलं. लेप बसलेल्या गिट्टीवरून डांबर पाण्याने सहजी सुटत नाही, हे मान्य. पण हा वरचा पातळ थर. आमच्या नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. बाजूची नाली तुंबली की पाणी खालून शिरतं. तिथे पन्नी काय करणार?

कचऱ्याचं गणित तर सोपं आहे. एक किलोमीटर लांब, 3.75 मीटर रुंद, 25 मिलिमीटर जाड थराला सुमारे 215 टन मिश्रण लागतं, म्हणजे अंदाजे 11 टन डांबर. प्लास्टिक जेमतेम 900 किलो, तेही एकदाच.

राहिल्या चाचण्या. प्रयोगशाळेतल्या नमुन्याने मे महिन्याचं ऊन आणि त्यावरून जाणारे ट्रक पाहिलेले नसतात. म्हणून प्रायोगिक पट्ट्याला लागूनच साध्या डांबराचा पट्टा हवा: तीच माती, तोच कंत्राटदार, तेच दिवस. दर पावसाळ्याआधी आणि नंतर चाकोरीची खोली, खडबडीतपणा, भेगा मोजायच्या. नेमकं इथेच बिघडतं. नवं मिश्रण नव्याने भक्कम केलेल्या पायावर टाकतात, तुलना जुन्या फुटक्या रस्त्याशी करतात आणि यश जाहीर करतात. मोजणीचा खर्च अंदाजपत्रकातच वेगळा धरला नसेल, तर उद्घाटनानंतर त्या पट्ट्यावर मोजायला कोणी फिरकत नाही.