शाळा सहा गावांची, घंटा एकाच गावाची

सहा गावांत मिळून एक सरकारी हायस्कूल. कागदावर काय झकास दिसतं! प्रयोगशाळा, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक, मोठं मैदान. एकेका छोट्या गावात हे जमत नाही, मान्य. माझा वाद त्यावर नाहीच. पण मग शाळा सहा गावांची आहे असं वागा तरी! इमारत ज्या गावात, त्याच गावाच्या सोयीने सगळं चालणार आणि बाकीच्यांनी आपापलं बघायचं, हा कुठला न्याय?

बस सकाळी पहिल्यांदा आमच्या गावात येते. म्हणजे आमची पोरं अंधारात उठणार. शाळेच्या गावातलं पोर तेव्हा कूस बदलून परत झोपलेलं असतं. पुढे दोघंही एकाच बाकावर बसणार आणि ‘पहिल्या तासाला पेंगतो’ हा शेरा येणार आमच्याच पोराच्या वहीत.

वयात येताना झोपेचं चक्रच पुढे सरकतं, रात्री लवकर डोळा लागत नाही. हे काय आम्ही लाडावलेल्या पोरांसाठी काढलेलं निमित्त नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय, या वयाच्या मुलांची शाळा सकाळी ८:३० च्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला, तो २०२२ पासून लागू आहे. आणि त्यातून वगळलं कुणाला? ग्रामीण भागातल्या शाळांना! म्हणजे ज्यांची पोरं सगळ्यात लांबून येतात, नेमक्या त्यांनाच. सगळीकडे हीच तऱ्हा.

आता बसचा मार्ग बघा. तो गोल आहे. सकाळी ज्या दिशेने बस फिरते त्याच दिशेने संध्याकाळी फिरवली, तर सकाळी सगळ्यांआधी चढलेलं पोर संध्याकाळी सगळ्यांआधी उतरेल. एक थेंब डिझेल जास्त लागत नाही. पण नाही! संध्याकाळी बस उलटी फिरणार, म्हणजे आमची पोरं चढायला पहिली आणि उतरायला शेवटची. का, तर ‘पहिल्यापासून असंच आहे’. सभेत विचारलं तर म्हणे, सरासरी प्रवास फार नाही. अहो, सरासरी बसमध्ये बसत नाही, पोरं बसतात!

आणि ज्या मैदानाचं, प्रयोगशाळेचं एवढं कौतुक, ते आमच्या पोरांना मिळतं कधी? संघाचा सराव शाळा सुटल्यावर. जादा तास शाळा सुटल्यावर. प्रयोग अर्धा राहिला, थांबून पूर्ण करा, तोही शाळा सुटल्यावर. बस मात्र घंटा झाली की निघालीच. माझी मुलगी पळण्यात कुणाला ऐकत नाही, पण संघात नाही. कारण काय दिलं? ‘सरावाला हजर नसते.’

पाच इमारतींचा खर्च वाचला म्हणून पाठ थोपटून घेता ना? वाचला कुठे, पोरांच्या झोपेवर आणि संध्याकाळवर ढकललात. त्यातलेच थोडे पैसे काढून उशिराची एक बस सोडा की! 

कहर म्हणजे गेल्या आठवड्यात बस वाटेत बंद पडली. आमच्या गावच्या झाडून सगळ्या पोरांच्या हजेरीवर ‘उशिरा’ असा शिक्का, वर पालकांना चिठ्ठी: पाल्याला वक्तशीरपणाची सवय लावावी. बस शाळेची, बिघाड शाळेच्या बसचा आणि सवय लावायची आम्ही! चिठ्ठीखाली सही मागितली होती. केली नाही, करणारही नाही.