मधल्या खुर्चीत बसणाऱ्याने काय शिकावं?

मध्यस्थीच्या वर्गातल्या पहिल्या सत्रात आम्हाला सरावासाठी एक भांडण दिलं होतं. दोन शेजारी, मध्ये कुंपण, कुंपणाच्या जागेवरून तीन वर्षांचा अबोला. मध्यस्थाच्या खुर्चीत मी होते. दहाव्या मिनिटाला मी वयाने मोठ्या शेजाऱ्याला म्हणाले, "तुम्ही मोठे आहात, तुम्हीच थोडं सोडून द्या." शिकवणाऱ्या बाईंनी सराव थांबवला. "त्यांना काय हवंय हे तू अजून विचारलेलं नाहीस. मग काय सोडायचं ते कसं ठरवलंस?"

माझ्या तोंडी ते वाक्य मामांच्या ओसरीवरून आलं होतं. कराडजवळच्या गावात वाटणीची बैठक भरली तेव्हा मी अकरावीत होते. गावातली चार मोठी माणसं आली, चहा झाला. "ताई, तू दिल्या घरी सुखी आहेस, भावांशी कशाला वाकडं?" असं कुणीतरी म्हणालं आणि आईने हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. त्या ओसरीवर तो कायदा कुणी उच्चारलाही नाही. समजुतीने मिटलं, असं सगळे आजही म्हणतात.

त्या वर्गानंतर मी आईला फोन करून विचारलं, तेव्हा तुला काय हवं होतं? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, जमीन नको होती गं, माडीवरची खोली हवी होती. माहेरी गेल्यावर कुणाला न विचारता बॅग ठेवता आली असती. एक खोली! भावांनी ती हसत दिली असती, पण बैठकीत हा प्रश्नच निघाला नाही.

मी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला शिकते. इथला शांतता-अध्ययन विभाग १९७३ सालचा. पहिले प्राध्यापक अ‍ॅडम कर्ल हे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे. १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतर आणि पुढे नायजेरियातल्या यादवीत दोन्ही बाजूंना भेटून त्यांचं ऐकून घेणाऱ्या क्वेकर मंडळींत ते होते. निकाल द्यायचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. ऐकणं हेच काम.

घरच्या ग्रुपवर अधूनमधून भारताच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यावरून वाद पेटतो. २०२१ च्या विधेयकात दावा लावण्याआधी मध्यस्थीची सक्ती होती. संसदीय समितीने आक्षेप घेतल्यावर कायद्यात ती ऐच्छिक झाली. वकिली करणारा मामेभाऊ म्हणतो, सक्ती हवीच होती, तारखांत पिढ्या संपतात. मावशी म्हणते, सक्ती केली की बाईलाच गप्प बसवतील. मला मावशीची भीती खरी वाटते, पण सक्तीच नको हा तिचा उपाय पटत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अलीकडे सक्ती आली. वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, जागेतलं जपानी नॉटवीड नावाचं तण एकाच्या बागेत घुसलं. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणाचंच हे भावंड. त्या खटल्यात अपील न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की पक्षकारांना कोर्टाबाहेर तोडगा शोधायला पाठवता येतं. मे २०२४ पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या पैशांच्या दाव्यांत तासभराची मोफत, फोनवरची मध्यस्थी बंधनकारक झाली. सक्ती बोलण्याची, समेटाची नाही. पटलं नाही तर कोर्टाचा रस्ता मोकळा.

ही रेघ आपल्याकडे पुसट आहे. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या बसल्या, बक्षिसं लागली. कल्पना मोलाची होती. पण तंटे मिटवण्याला गुण असले की समितीची नजर आकड्यावर जाते, आणि आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे ज्याचा आवाज बारीक त्याला समजावणं. इथे आम्हाला दोघांनाही वेगवेगळं बसवून ऐकायला शिकवतात. भावांसमोर जे आई बोलली नाही, ते ती वेगळ्या खोलीत कदाचित बोलली असती.

इथलं सगळं उचलून नेता येणार नाही. इथे शेजारी घर विकून जातो. गावात बैठक संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाण्याची पाळी असते. वहिवाट कुणाची, बांध कुणी कोरला, बोलणं कुठल्या लग्नापासून तुटलं, हे तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला ठाऊक असतं. माझ्या प्राध्यापकांना ते कधीच कळणार नाही. २०२३ मधली सलोखा योजनाही याच जाणिवेतून आली: एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षं असेल, तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल.

आपल्याकडे कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थाला चाळीस तासांचं प्रशिक्षण मिळतं. गावातल्या समितीतल्या माणसाला तेवढंही क्वचितच मिळतं, आणि माणसं आधी त्याच्याकडे जातात. आपल्या विद्यापीठांनी हा विषय विधी महाविद्यालयाच्या भिंतींत ठेवू नये. कराडला, लातूरला, चंद्रपूरला शनिवार-रविवारचे वर्ग भरवावेत, मराठीत. त्यात तलाठी यावेत, पोलीस पाटील यावेत, बचत गटातल्या बायका याव्यात. आणि सरावाला कुंपण नको, वाटणीची बैठक घ्यावी, ज्यात बहिणीची खुर्ची रिकामी नसेल.