पुढाऱ्यांचं जमलं की शहर विकलं जातं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. चार ओळींत उत्तर दिलं असतं तर ते उडवून लावल्यासारखं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महापौर, नगरसेवक, खातेप्रमुख, व्यापाऱ्यांचे आणि वस्त्यांचे प्रतिनिधी या मंडळींचा एकमेकांवर भरवसा नसेल, तर पैसा आणि योजना हाताशी असूनही शहराची कामं अडून राहतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पुढाऱ्यांचं आपसात जमलं की शहर विकलं जातं, ते भांडतात म्हणूनच भानगडी बाहेर येतात, हा पहिला. दोन दिवसांच्या शिबिरानं कुणी बदलत नाही, हा दुसरा. आणि तिसरा मला सगळ्यात जास्त लागला: 'ज्यांची घरं जातात त्यांच्यापैकी कोण बसलं होतं तुमच्या त्या बैठकीत?'

दुसऱ्या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही. 'एकत्र बसलं की निम्मं काम होतं' हे माझं वाक्य चुकीचं होतं. नुसतं एकत्र बसून फार तर ओळख होते. शिबिरात गळ्यात गळे घालणारी माणसं पुढच्या महिन्यात एकमेकांच्या फायली दाबून ठेवताना मी स्वतः पाहिली आहेत.

पहिल्या मुद्द्याकडे वळतो. इथे पिट्सबर्गचं उदाहरण घेतो, कारण ते माझ्या बाजूनं बोलतं आणि तुमच्याही.

पिट्सबर्ग हे अमेरिकेतलं पोलादाचं शहर. १९४०च्या दशकात तिथं कोळशाचा धूर इतका दाटायचा की भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. धूर रोखणारा कायदा शहरानं १९४१ मध्येच केला होता, पण युद्धामुळे त्याची अंमलबजावणी रखडली. १९४६ मध्ये डेव्हिड लॉरेन्स महापौर झाले. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे, कामगारांच्या मतांवर उभे असलेले. शहरातल्या पैशाच्या नाड्या ज्यांच्या हाती होत्या ते रिचर्ड किंग मेलन रिपब्लिकन, मोठ्या बँकर घराण्यातले. एरवी या दोन गोटांतून विस्तव जात नसे. धुराच्या प्रश्नावर मात्र हे दोघं एका बाजूला उभे राहिले.

कसे उभे राहिले, ते महत्त्वाचं आहे. कायदा घरगुती शेगड्यांना लागू झाला तेव्हा गरीब कुटुंबांना महागडं, कमी धुराचं इंधन घ्यावं लागलं. लॉरेन्स यांच्याच पक्षातल्या विरोधकांनी १९४९च्या उमेदवारीच्या लढतीत तो राग त्यांच्यावर उलटवायचा प्रयत्न केला. तरी ते मागे हटले नाहीत. तिकडे शहराबाहेरच्या भागालाही धूरबंदी लागू करायला एका रेल्वे कंपनीचा विरोध होता आणि तिच्या संचालक मंडळावर खुद्द मेलन होते. त्यांनी आपलं वजन वापरून तो विरोध थंड केला. समोरचा माणूस स्वतःच्या लोकांचा रोष पत्करतो आहे, हे दोघांनाही दिसत होतं. मी ज्याला विश्वास म्हणतो तो असा तयार होतो. त्यासाठी घरोबा लागत नाही. आपल्याच माणसांसमोर वाईटपणा घेण्याची तयारी लागते.

आता तुमची बाजू. याच जोडीच्या काळात, १९५६ पासून, पिट्सबर्गची लोअर हिल ही वस्ती पाडायला सुरुवात झाली. सुमारे ८,००० लोक विस्थापित झाले, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्या जागेवर बांधलेलं सिव्हिक अरीना हे भव्य सभागृह १९६१ मध्ये उघडलं. पुढाऱ्यांचं एकमत इतकं पक्कं होतं की 'हे करू नका' म्हणणाऱ्याला आत जागाच नव्हती. शेवटी लोकांनी वस्तीच्या तोंडाशी मोठा फलक लावला, की याच्या पुढे पुनर्विकास चालणार नाही. म्हणजे हवा स्वच्छ करणारा विश्वास आणि वस्ती मोडणारा विश्वास एकाच टेबलावर तयार झाला होता. मूळ लेखात मी पहिली गोष्ट सांगितली आणि दुसरी सोडून दिली. तुमचा राग त्या जागी रास्त आहे.

तरीही 'भांडणारे पुढारीच बरे' हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला आमच्याच बैठकांमधला प्रसंग सांगतो. शहर कोणतं ते सांगत नाही, माणसं ओळखू येतील. मी त्या बैठकांची टिपणं घ्यायचो. नुकताच डांबरी केलेला एक रस्ता पाण्याच्या पाइपसाठी तीन आठवड्यांत उकरला गेला होता. रस्ते विभाग पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवत होता, पाणीपुरवठा ठेकेदाराकडे. ठरलेलं नाटक चालू होतं. मध्येच पाणीपुरवठ्याचे अभियंता म्हणाले, 'चूक आमची आहे. आमच्याकडचा नकाशाच जुना होता. लाइन कुठून जाते ते आम्हालाच माहीत नव्हतं.' पुढचा मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग रस्ते विभागाच्या बाईंनी आपली वही त्यांच्याकडे सरकवली आणि पुढच्या तीन महिन्यांत कुठले रस्ते करायचे आहेत ते दाखवलं. ती यादी मिळावी म्हणून पाणीपुरवठा वर्षभर पत्रं लिहीत होता.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण दोन आठवड्यांनी एका नगरसेवकानं जाहीर सभेत तीच कबुली वापरून त्या अभियंत्याला झोडपलं. त्यानंतरच्या दोन बैठकांना अभियंता आले नाहीत. तिसऱ्या बैठकीला आले, पण कागदावर लिहून आणलेलं वाचून दाखवून निघून गेले. त्या भाषणानं कुठलीही भानगड बाहेर आली नाही. उलट आपल्याकडचे नकाशे जुने आहेत हे त्यानंतर कुणी कबूलच करेना, आणि रस्ते पुन्हा उकरले जाऊ लागले. भांडणातून सत्य बाहेर येतं हे तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण भांडणाच्या धाकानं सत्य दडपलं जातं, तेही तितकंच रोजचं आहे.

पुढे त्या नगरसेवकांनी त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानंतर आम्ही एक नियम ठरवला: कामातली चूक कुणी कबूल केली तर तिचं भांडवल करायचं नाही, पण निर्णय, पैसा आणि ठेकेदारांची नावं यातलं काहीही बंद दाराआड ठेवायचं नाही. दर बैठकीनंतर कुणी काय करायचं कबूल केलं आणि मागच्या वेळचं काय झालं, याचं एक पान छापून ते मागेल त्याला द्यायचं. या दोन गोष्टींतली रेघ नेहमी स्पष्ट असते असं नाही. जुना नकाशा ही चूक, पण तोच नकाशा कुणाच्या फायद्यासाठी मुद्दाम जुना ठेवला असेल तर? यावर आमची तासन्‌तास चर्चा झाली. संशय पैशाचा असेल तर पांघरूण नाही, इतकं तरी सगळ्यांनी मान्य केलं.

छापील कागदाची ताकद ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रीनं फार आधी ओळखली होती. १९८९ पासून तिथं पालिकेच्या अर्थसंकल्पातली कामं वस्त्यांच्या सभांमधून ठरू लागली. सुरुवातीला पगार भागवून तिजोरीत फारसं उरत नसे. कामं अडली आणि लोकांचा उत्साह ओसरला. पुढे मंजूर कामांची पुस्तिका दरवर्षी छापून वाटली जाऊ लागली आणि कुठलं काम झालं, कुठलं राहिलं, हे वस्तीतला माणूस पुस्तिका हातात धरून विचारू लागला. विश्वास ठेवा, असं कुणी कुणाला सांगायची गरज उरली नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. खरं उत्तर असं, की पहिले आठ महिने आमच्या बैठकीत अशा वस्तीतलं कुणीही नव्हतं. 'त्यांचे नगरसेवक आहेतच की' असं आम्ही म्हणत होतो, मीसुद्धा. नवव्या महिन्यात नाल्याकाठच्या एका वस्तीतल्या बाई आल्या, बोलावल्या म्हणून नव्हे, तर आमच्या त्या छापील पानाची झेरॉक्स त्यांच्या हाती पडली म्हणून. सात कामांपुढे त्यांनी लाल पेनानं फुल्या मारल्या होत्या. एकेक काम मोठ्यानं वाचून त्या विचारत होत्या, 'हे कुणाकडे?' ज्याचं काम असेल त्याला हात वर करावा लागत होता. तिसऱ्या कामाला दोन हात वर आले, आणि ते काम का अडलं होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढच्या बैठकीपासून त्यांची खुर्ची कायम झाली.

मूळ लेखात या बाईंचा उल्लेखच नाही. पिट्सबर्गची अर्धी गोष्ट आणि आमचे ते आठ महिने, दोन्ही आज लेखात घालतो आहे. दुरुस्ती कुणाच्या प्रतिक्रियेमुळे झाली तेही तिथं लिहीन. तुमची हरकत असेल तर कळवा.