₹१,९९९ चं कूपन का लागलं नाही: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही बिलाचा फोटो टाकून तीन तक्रारी केल्या आहेत. २,६४० रुपयांची खरेदी करूनही '₹१,९९९ वर ₹२०० सूट' हे कूपन लागलं नाही, डिटर्जंटची ऑफर नुसती दिखाऊ आहे, आणि साबणाच्या एमआरपीवर दुसरं स्टिकर होतं. 'फसवणूक' हा शब्द मोठा आहे, म्हणून एकेका आकड्याचं उत्तर देतो. बिल समोर ठेवून वाचा.

२,६४० ही एमआरपीची बेरीज आहे. कूपनची अट मात्र दुकानाची सूट वजा केल्यावर जे उरतं त्यावर मोजली जाते. तांदूळ आणि तूरडाळीवर मिळून १७० रुपये आणि डिटर्जंटचा मोफत पुडा १४० रुपयांचा, असे ३१० आधीच कमी झाले होते. राहिले २,३३०. त्यात ४२५ रुपयांची बाळाची दूध पावडर आहे, ती कूपनमध्ये धरता येत नाही. ही आमची अट नाही. १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूध पावडरीची विक्री वाढवण्यासाठी कसलंही आमिष दाखवायला मनाई आहे. आईचं दूध मागे पडू नये म्हणून केलेला हा कायदा आहे आणि तो आम्ही काटेकोर पाळतो. पावडर वगळून पात्र रक्कम झाली १,९०५. चौऱ्याण्णव रुपये कमी पडले.

त्या वेळी ११० रुपयांचा चहाचा पुडा टोपलीत टाकला असता तर पात्र रक्कम २,०१५ झाली असती. त्यातून २०० गेले की १,८१५, आणि पावडर धरून २,२४०. म्हणजे चहा घरी येऊनही बिल ९० रुपयांनी कमी! म्हणून पैसे देण्याआधी कॅशिअरला 'पात्र रक्कम किती झाली?' एवढं जरूर विचारा. शंभर-दीडशे कमी पडत असतील तर महिन्याभरात लागणारच अशी वस्तू घ्या. पाचशे कमी पडत असतील तर अजिबात घेऊ नका, कूपन पुढच्या खेपेला वापरा. दोनशे वाचवायला पाचशेचा नको असलेला माल घेणं हा तोटाच आहे.

मोबाइल नंबर पहिली वस्तू स्कॅन होण्याआधी सांगा. कूपन नंबरला जोडलेलं असतं. बिल बंद झाल्यावर नंबर दिला तर ते उघडत नाही. एका बिलाला एकच कूपन चालतं. खरेदी चार हजारांच्या पुढे असेल आणि घरात दोघांच्या नंबरवर कूपन असेल, तर दोन बिलं करून घ्या, आमची हरकत नाही.

बँकेच्या कार्डाची सूट सगळ्यात शेवटी येते, आणि बँक फक्त मशिनवर स्वाइप झालेली रक्कम बघते. बँकेची अट १,५०० ची असेल आणि तुम्ही हजार यूपीआयनं देऊन उरलेले कार्डावर टाकले, तर ती सूट गेलीच. कूपन लागल्यावर उरणारी रक्कम बँकेच्या अटीच्या वर राहते का, हे आधी बघायचं आणि ती पूर्ण एकाच कार्डावर भरायची.

आता डिटर्जंट. तुम्ही एक किलोचे तीन पुडे घेतलेत, दोनावर एक मोफत. २८० रुपयांत तीन किलो, म्हणजे किलोला ९३ रुपयांच्या आसपास. शेजारच्याच रॅकवर चार किलोवर एक किलो मोफत असलेली पिशवी ५२० ला आहे. ती पडते किलोला १०४. मोठी पिशवी स्वस्त असते असं सगळेच धरून चालतात, पण ऑफर असेल तेव्हा हे बरेचदा उलटं होतं. तुमची निवड अगदी बरोबर होती. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, पण त्यात दुकानाची ऑफर धरलेली नसते. तेव्हा दिलेले पैसे भागिले हातात आलेले किलो, असा हिशेब स्वतः करावा लागतो.

स्टिकरचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि जुन्या मालावर कमी किमतीची स्टिकरं लागली. एमआरपी कमी करणारं स्टिकर नियमात बसतं, मात्र जुनी छापील किंमत त्याखाली झाकली जाता कामा नये. वाढवणारं स्टिकर बसत नाही. तुमच्या साबणावरच्या दोन्ही किमती वाचून बघा. स्टिकरवरची जास्त दिसली, कुठल्याही दुकानात, तर वैधमापन विभागाकडे, म्हणजे वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करा.

तुमचं कूपन वापरलं गेलेलं नाही, कोड चालू आहे आणि मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. शेवटच्या दोन दिवसांत काउंटरवर गर्दी असते आणि ऑफरचा माल संपलेला असतो, त्याआधीच या.