तुरीतलं डुक्कर आणि अदृश्य चोर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, त्यात प्रत्येक जण एकेक पात्र चालवतो. या खेळात अदृश्य होणं फार सोपं आहे. दुसऱ्या पातळीचा मंत्र टाकला की माणूस अंगावरच्या कपड्यालत्त्यासकट तासभर दिसेनासा होतो. त्यानं कोणावर वार केला किंवा मंत्र मारला की मात्र मामला खतम. अवघड काम एकच, अदृश्य झालेल्याला समजावून सांगणं. आमच्या ओसरीवर ते माझ्याकडे आहे, कारण डंजन मास्टर मी. म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तेव्हा तो एक दिवस वऱ्हाडात येईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

तर चुलतभावाचा चोर अदृश्य होऊन गुहेत शिरला. मी म्हणालो, "राक्षस गदा उचलून तुझ्याकडे वळला."

"काऊन बे? मी त दिसूनच नाई रायलो!"

"दिसत नाहीस, पण पाय वाजतात ना तुझे."

"मंग अदृश्य होऊन फायदा काय?"

फायदा आहे. वार करताना राक्षसाला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा धरावा लागतो, म्हणजे नेम चुकायची शक्यता जास्त. पण तू कुठे आहेस ते त्याला कळतं. कळू द्यायचं नसेल तर आपल्या पाळीत वेगळं लपावं लागतं, फासा टाकून, आणि तो आकडा राक्षसाच्या सावधपणाला पुरून उरावा लागतो. हे मी तीन तऱ्हांनी सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "पन मी दिसून नाई रायलो ना!"

तेवढ्यात काका जागलीला निघाले होते, हातात बॅटरी अन् काठी. भांडण ऐकून थांबले.

"यात काय समजाचं हाय? तुरीत डुक्कर घुसलं त दिसते का? नाई दिसत. पन तूर खसखसली का कुठं हाय थे समजते. मंग थ्या बाजूनं काठी हानाची. लागली त लागली. अन् थे बी शायनं रायते. आपली चाहूल लागली का चूप उभं रायते. मंग बसा शोधत."

अदृश्य असणं वेगळं, लपणं वेगळं. काकांनी एका दमात सांगून टाकलं. चुलतभावानंही मान डोलावली, जणू मी संध्याकाळपासून कानडीत बोलत होतो.

पण मामाच्या पोराचा जादूगार आडवा आला. त्याच्याकडे अदृश्य ते पाहण्याचा मंत्र आहे, आणि समोर एक अदृश्य चेटकीण. "मले दिसून रायली. मारतो," तो म्हणाला. मी नियमांचं पुस्तक उघडलं आणि कपाळाला हात लावला. आमचं पुस्तक २०१४ चं. त्यातल्या शब्दांप्रमाणे चेटकीण दिसली तरी तिच्यावरचा वार अडखळतोच, दोन फाशांतला कमी आकडाच धरायचा. २०२४ च्या आवृत्तीत ही भानगड सुधारली, पण ती घ्यायला पैसे कोणाकडे आहेत?

काकांनी विचारलं, "दिसते म्हन्ते, अन् तरी नेम चुकते? मोतीबिंदू हाय का याले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दुसरे रस्ते सुचवले. एक पहिल्या पातळीचा मंत्र आहे, तो लागला की समोरच्याच्या अंगाभोवती उजेड फुटतो आणि अदृश्यपणाचा फायदा जातो. वटवाघळाला तर डोळ्यांची गरजच नाही. जादू ओळखण्याचा मंत्र मात्र इथे कुचकामी, तो जादूचं वलय फक्त दिसणाऱ्या गोष्टींभोवती दाखवतो. चुलतभाऊ म्हणाला, "आपन ज्वारीचं पीठ फेकू तिच्यावर." आतून आईचा आवाज आला, "कोन फेकून रायलं रे पीठ?" पुढची दहा मिनिटं खेळ बंद.

काका मात्र गेले नाहीत. बॅटरी बंद करून टेकले. "कुत्रं ठेवता येते का यात?"

येतं. मॅस्टिफ जातीचं, पुस्तकात किंमत पंचवीस सोन्याच्या मोहरा. कान आणि नाक इतकं तिखट की त्यासाठी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा.

"पंचवीस?" काका उसळले. "आपलं कुत्रं भाकरीवर रायते. दहात दे."

राक्षस गदा उगारून ताटकळत उभा, चेटकीण कोणाला दिसते कोणाला नाही, आणि मी कुत्र्याचा भाव करतोय. काका अठरावर आले. मी बाविसावर अडलो.