दुपार रिकामी का ठेवायची?

नांदूर मधमेश्वर या निफाडजवळच्या पक्षी अभयारण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'नांदूर मधमेश्वरला सकाळचे पक्षी पाहून झाले की दिवस संपला' हे काही पटलं नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही उजाडता उजाडता चापडगावच्या मनोऱ्यावर होतो. निफाडची थंडी, बोटं इतकी गारठलेली की दुर्बिणीचं चाक फिरेना! धुकं विरलं तसे चक्रवाक दिसले, थापट्या बदकं दिसली. वारकरी पक्ष्यांचा तर काळा सडाच पडला होता पाण्यावर. एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, खालून गेला आणि अख्खा थवा फडफडत उठला. तो आवाज फोटोत येत नाही.

नंतर येवल्यामार्गे अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले. वाटेवर बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत, त्यामुळे आईलाही टंकाईच्या जैन लेण्यांपर्यंत जमलं (कुरकुर केली, ते सोडा). लेण्यांतलं कोरीवकाम निवांत बघा. अंकाईचा माथा आम्ही दोघांनीच गाठला. उतरल्यावर ममदापूरच्या माळावर काळवीट. आम्हाला अकरा दिसले, त्यातला एकच काळाकुट्ट नर. गाडीतून उतरलात की पळतात, म्हणून आतूनच बघा.

आणि हो, पाणपक्ष्यांना फरसाण टाकणाऱ्यांबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.